तीनशे बारा कान

रडारच्या पडद्यावर एक फाक उजळली होती. कलिंगडाची कापावी तशी सरळ, मधल्या टोकापासून थेट कडेपर्यंत, दक्षिणेकडे रोखलेली आणि पश्चिमेला जराशी कललेली. गेले नऊ दिवस ती तिथंच होती. ढग फिरतात, पाऊस सरकतो, पक्ष्यांचे थवेसुद्धा जागा बदलतात. ही बया मात्र हलायला तयार नव्हती.

"हा पाऊस नाही," अच्युत केणी म्हणाले. "हा कुणाचा तरी आगाऊपणा आहे. शोधून काढा."

केणी म्हणजे सड्यावरच्या, किनाऱ्यालगतच्या उघड्या कातळपठारावरच्या, हवामान रडारचे प्रमुख. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलेलं, आणि एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान. ठरलेली देखभाल सोडली, तर अकरा वर्षांत त्यांचं रडार एक मिनिटही बंद पडलेलं नव्हतं. भेटायला आलेल्या माणसाला ते चहाच्या आधी हे सांगत.

शर्वाणी मेतर त्यांच्या हाताखाली नव्हती. ती स्पेक्ट्रम निरीक्षक होती. हवेतल्या लहरींच्या वाटपावर लक्ष ठेवणं हे तिचं काम. लोकांना वाटतं, हवेत तार नाही म्हणजे हवा मोकळी. तशी ती नसते. पाच गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा दोघांमध्ये वाटलेला आहे, एक हवामान रडार आणि दुसरे घरोघरचे राउटर. रडार एक ठोका सोडतं आणि पावसाच्या थेंबांवर आपटून येणारा त्याचा प्रतिध्वनी ऐकतं. तो इतका क्षीण असतो, की चाळीस किलोमीटरवरचा राउटरही रडारच्या कानाशी येऊन बोंबलल्यासारखा होतो. म्हणून नियम असा, की राउटरनं बोलण्याआधी एक मिनिट ऐकायचं. रडारचा ठोका कानावर आला, तर दहा सेकंदांत त्या चॅनेलवरून उठायचं आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. हा नियम नुसता कागदावर नसतो, राउटरच्या पोटातच लिहिलेला असतो. तो पाळायला माणसाच्या चांगुलपणाची गरज पडू नये, अशी ती योजना होती. २०४१ सालापर्यंत ती बऱ्यापैकी चाललीही होती.

शर्वाणीनं जीप काढली, टपावर दिशा दाखवणारा अँटेना चढवला आणि दोन वेगवेगळ्या जागांवरून चोरट्या आवाजाची दिशा मोजली. नकाशावर दोन रेघा ओढल्या. त्या जिथं एकमेकींना छेदत होत्या, तिथल्या गावाचं नाव तिनं तीनदा वाचलं. मुणगीवाडी. तिचं सासर.

*

मुणगीवाडीत तिनं जीप बर्फाच्या कारखान्यापाशी लावली. हेरंब, तिचा नवरा, कारखान्याच्या गच्चीवर मोठ्या अँटेनाच्या वायरी सोडवत उभा होता. गावचं वायरलेस जाळं त्यानं नऊ वर्षं खपून उभं केलं होतं. तीनशे बारा राउटर: घरांत, शाळेत, देवळाच्या दीपमाळेवर, आणि त्यांच्याशी बोलणारे छोटे संच गावच्या प्रत्येक होडीवर. मोबाइलचा टॉवर डोंगराच्या नाकाडाआड पडतो, आणि उपग्रहाचा फोन बाळगायची परवानगी फक्त मोठ्या ट्रॉलरना. छोट्या होड्यांना जमिनीशी बोलायला हेरंबच्या जाळ्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

"आज सोमवार ना गो?" तो वरून ओरडला. शर्वाणी एरवी शनिवारीच घरी यायची.

"सोमवारच आहे. म्हणून तर सरकारी गाडीनं आलेय."

तो खाली आला. तिच्या हातातलं यंत्र बघून त्याचा चेहरा उतरला. तिनं आडपडदा ठेवला नाही. "हेरंब, तुझे राउटर रडार ऐकून गप्प का बसत नाहीत?"

हातातली वायर तो मनगटाभोवती गुंडाळू लागला. मग म्हणाला, "ते हय नायतच."

"म्हणजे?"

राउटर पहिल्यांदा चालू केला, की तो विचारतो, मी कोणत्या देशात आहे? त्या देशाचे नियम मग तो पाळतो. हेरंबनं यादीतला एक लांबचा देश निवडला होता. डोंगरातला, समुद्राचं तोंडही न पाहिलेला, हवामान रडार नसलेला. रडारच नाही, म्हणून ऐकायची अटही नाही. थोडक्यात, कागदोपत्री अख्खी मुणगीवाडी समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटर उंचीवर नांदत होती.

"आणि तिथं मासे कुठं धरता तुम्ही?" शर्वाणी म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. मग स्वतःच्या हसण्याचाच राग आला. "तीनशे बाराच्या तीनशे बारा?"

"सगळे."

"का पण?"

आता रागावायची पाळी त्याची होती. "कित्याक म्हणजे? लांबवर बोलाचा तर ह्याच पट्ट्यात बोलाक व्हया. आणि तुमचा रडार सड्यावर, आमच्या डोळ्यांसमोर. चोवीस तास आमका ऐकाक येता. म्हणजे तुमच्या नियमान आमी जल्मभर मुके. जे डोंगराआड ऱ्हवतत ते बोलतत. आमी समोर ऱ्हवतो, ही आमची चूक?" त्यानं हातातली वायर खाली टाकली. "गेल्या म्हयन्यात गजाची होडी चौदा तास व्हावत गेली. एक माणूस तेचो आवाज ऐकाक नाय. तेच्यानंतर केलंय मी ह्या."

नियम शहरात बसलेल्या माणसांनी केला होता आणि त्यांच्या खिडकीतून रडार दिसत नव्हतं, हे शर्वाणीला मान्यच होतं. पण तिनं नऊ दिवस ती फाकही पाहिली होती.

"तू ओरडतोस, तेव्हा त्या फाकेत रडार आंधळं होतं," ती म्हणाली. "आणि त्या फाकेत कोण आहे? मुणगीवाडीच्या होड्या. उद्या वारा सुटला, तर सगळ्या किनाऱ्याला कळेल आणि फक्त तुम्हाला कळणार नाही. तू त्यांना आवाज दिलास आणि त्यांच्यावरची नजर काढून घेतलीस."

हेरंबनं पडलेली वायर उचलली. मग त्यानं विचारलं, "सही तुझी आसतली?"

"मोजमापावर माझीच. सुनावणी दुसरा अधिकारी घेईल, तू माझा नवरा आहेस म्हणून. आज मी अकरा राउटर मोजलेत. अकरांना परवाना सहा महिने स्थगित होतो. आकडा शंभराच्या वर गेला असता, तर तो कायमचा रद्द झाला असता." ती थांबली. "बाकीचे मी मोजायला जाणार नाही. पण उद्या सकाळपर्यंत सगळे सरळ हवेत."

त्यानं उद्यापर्यंत वाट पाहिली नाही. संगणकावरून एकदम सगळ्या राउटरचा देश बदलून भारत केला. मिनिटभरात तीनशे बारा राउटरनी कान लावला, त्यांना सड्यावरचं रडार ऐकू आलं आणि ते एकामागून एक गप्प झाले. संध्याकाळी शर्वाणी घरी गेली, तेव्हा वाटेवरच्या ओट्यांवरून बोलणं कानावर आलं. "घाटावरच्या सुनेन गाव मुको केल्यान." शर्वाणी मूळची वाईची. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि ती अजून घाटावरचीच होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुळणीवर, समुद्राकाठच्या वाळूत गेली. राउटर खरोखर गप्प आहेत का, हे तपासून सड्यावर परतायचं होतं.

पुळणीवर रापण लागली होती. किनाऱ्यापाशी माशांचा थवा आला, की होडी त्याच्याभोवती अर्धा फेरा मारून जाळं सोडते आणि जाळ्याच्या दोन्ही दोऱ्या माणसं जमिनीवरून ओढतात, तीस-चाळीस जण एका वेळी. शर्वाणीनं हे लांबून बऱ्याचदा पाहिलं होतं, पण जवळून आजच. ती वाळूतून चालत पुढे निघाली तोच बाबल कुबल या रापण संघाच्या म्हाताऱ्या तांडेलानं, म्हणजे म्होरक्यानं, हात वर केला. ती जागच्या जागी थांबली.

मग तिच्या लक्षात आलं, की पुळणीवर कुणीच बोलत नव्हतं. दोरीवरचे बोलत नव्हते, टोपल्या घेऊन बसलेल्या बायका बोलत नव्हत्या, मजा बघायला आलेलेही जागचे हलत नव्हते. पावलांच्या हादऱ्यानंसुद्धा थवा बिथरतो. ओढणाऱ्यांचे श्वास तेवढे ऐकू येत होते. आणि सगळ्यांचे डोळे पाण्यावर. शंभर माणसं गप्प होती, पण रिकामी नव्हती. प्रत्येक जण काहीतरी पाहत होता. थव्याची काळी सावली कुणाकडे सरकतेय, हे जो तो नुसत्या बोटानं दाखवत होता, आणि त्या शंभर बोटांवरून बाबल कुबल ठरवत होते, की कोणती दोरी ओढायची आणि कोणती ढिली सोडायची.

जाळं वाळूवर आलं आणि एकच गलका उठला. बांगडे चमचमत होते. बाबल कुबलांनी वाटे घातले आणि शर्वाणीच्या हातावरही पानात बांधून चार बांगडे ठेवले.

"मी तर दोरीला हातही लावला नाही," ती म्हणाली.

"ऱ्हवांदे," ते म्हणाले आणि पुढच्या वाट्याकडे वळले. हेरंबची बायको म्हणून दिले असतील, असं तिला वाटलं.

पण तिचं डोकं भलतीकडेच धावत होतं. गावातले तीनशे बारा राउटर आत्ता या क्षणी गप्प होते. म्हणजे काय करत होते? ऐकत होते. नियमानं त्यांना दुसरं काही करताच येत नव्हतं. आणि सगळा कायदा बोलण्यावर आहे. ऐकायला परवाना लागत नाही!

*

रडार म्हणजे सर्वज्ञ नव्हे. पाऊस आपल्याकडे येतोय की आपल्यापासून दूर जातोय, एवढंच त्याला नीट कळतं. रुग्णवाहिका जवळ येताना तिचा भोंगा चढा लागतो आणि दूर जाताना उतरतो. पण तीच गाडी तुमच्याभोवती गोल फिरत राहिली, तर सूर जराही बदलत नाही, आणि डोळे मिटले असतील तर ती उभी आहे की धावतेय हे सांगता येणार नाही. रडारचंही तेच होतं. त्याच्या नजरेला आडवा जाणारा वारा त्याला स्वस्थ बसल्यासारखा दिसतो.

यावर उपाय एकच, बाजूला बसलेले आणखी कान. रडारचा ठोका थेंबांवर आपटून फक्त रडारकडे परतत नाही, तो चहूकडे विखुरतो. मुणगीवाडीवरही तो सांडतच होता, वर्षानुवर्षं. एका राउटरला त्यातलं काही उमगणार नाही. पण तीनशे बारा राउटरनी आपापलं ऐकलेलं अचूक वेळेसकट एकत्र केलं, तर रडारला न दिसणारा आडवा वारा त्यांना समोरून येताना दिसेल. शर्वाणीनं हे तीन वर्षांपूर्वी एका मानक समितीपुढे मांडलं होतं. समितीनं कौतुक केलं आणि फाइल बाजूला ठेवली, कारण राउटरच्या पोटातला कार्यक्रम बदलायला एकही कंपनी राजी नव्हती. आणि इथं एक माणूस होता, ज्यानं तीनशे बारा राउटरच्या पोटात आधीच हात घातला होता. चोरी करताना शिकलेली विद्या.

बर्फाच्या कारखान्यात जाऊन तिनं केणींना फोन लावला.

"तुमचे ते डबे काय ऐकणार?" केणी म्हणाले. पण दोन प्रश्नांनंतर त्यांचा आवाज बदलला. "हे बघा, कान कुठं आहे ते माहीत नसेल, तर त्यानं ऐकलेलं मला कवडीमोल. दोन मीटरचा फरकही चालणार नाही. आणि माझा संगणक फक्त राष्ट्रीय नोंदवहीतली जागा मानतो. आहे तुमच्या डब्यांची नोंद?"

नोंद होती. तीनशे बारा नोंदी होत्या, सगळ्या त्या डोंगरातल्या देशातल्या.

राउटरमधला देश बदलायला एक कळ पुरते. राष्ट्रीय नोंदवहीचं तसं नाही. तिथं जुनी नोंद पुसली जात नाही. तिच्याखाली नवी लिहावी लागते, स्वतःच्या सहीनिशी, का बदलली त्या कारणासकट. म्हणजे तीनशे बारा खोट्या नोंदींखाली हेरंबच्या तीनशे बारा सह्या. तपासायला कुणी येण्याची गरजच उरणार नव्हती.

दुपारी पडवीत बसून तिनं त्याला सगळं सांगितलं. प्रतिध्वनी, आडवा वारा, नोंदवही, आणि शेवटी परवान्याचं कलम. "हे कर असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "अकरांवर थांबलास, तर सहा महिन्यांनी जाळं पुन्हा तुझं. सगळे नोंदवलेस, तर परवाना कायमचा जाईल. मी मध्ये पडणार नाही, आणि पडले तरी उपयोग नाही. तू ठरव."

हेरंबनं ते कलम तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग विचारलं, "गजाची होडी व्हावत गेली, तेव्हा हे कान आसते तर?"

"गजाचा आवाज नसता ऐकू आला. पण त्या दिवशी आडवा वारा सुटणार आहे, हे आधी कळलं असतं. तो गेलाच नसता."

तो उठून आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चहा देताना त्यानं संगणक तिच्याकडे वळवला. एकशे चार नोंदी झाल्या होत्या. कारणाच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी त्यानं एकच वाक्य टाइप केलं होतं: "आधीची जागा मी जाणूनबुजून खोटी लिहिली होती." नकलून चिकटवता आलं असतं, पण यानं प्रत्येक वेळी नव्यानं लिहिलं होतं. शर्वाणीला त्याचा अभिमान वाटला, आणि तितकीच भीतीही वाटली. नऊ वर्षांचं काम तो स्वतःच्या हातानं मोडत होता.

*

पुढचे तीन दिवस दोघं दारोदार फिरत होती. हेरंबनं राउटरच्या पोटातला कार्यक्रम बदलला होता: ऐकलेलं आता रडारच्या पट्ट्याबाहेरच्या एका संथ, शेजारघरापुरत्या चॅनेलवरून घरोघर सरकत कारखान्यात आणि तिथून सड्यावर जाणार होतं. इंटरनेट चालत नाही म्हणून निम्म्या घरांनी राउटर बंद करून टाकले होते. ते चालू करवायचे, आणि प्रत्येकाची जागा दोन मीटरच्या आत मोजायची. त्यात लोकांनी राउटर ठेवले होते कुठं? कुणी पितळेच्या हंड्यामागं, कुणी विणलेल्या झालरीखाली, एकानं तर मीठ भरायच्या पिंपात. हेरंबच्या आईनं, जयवंतीबाईंनी, तो स्टीलच्या भाकरीच्या डब्यात घातला होता, वर भोकं पाडून.

"आई, डब्यात का?" शर्वाणीनं विचारलं.

"पालीक ऊब लागता गो. ती थयच अंडी घालता."

"पण स्टीलच्या आत त्याला ऐकू कसं येणार?"

"तेका ऐकाक येता ह्या माका खय म्हायत!" जयवंतीबाई म्हणाल्या. "माका वाटला, तो नुसतो बोलता."

लोक मात्र कुरकुरत होते. बोलता येत नाही, तर हे धूड चालू कशाला ठेवायचं? शेवटी बाबल कुबलांनी देवळासमोर चार माणसं जमवली आणि सांगितलं, "रापणीच्या येळाक आपण गप ऱ्हवतो ता कित्याक? तसाच आसा ह्या. मोठी रापण आसा, आभाळाची." एवढं पुरलं. शुक्रवारी संध्याकाळी तीनशे बारापैकी तीनशे नऊ राउटर चालू होते. उरलेल्या तिघांचे मालक परगावी गेले होते.

*

शनिवारी दुपारी पावणेदोनला शर्वाणी सड्यावर केणींच्या शेजारी उभी होती. पडद्यावरची फाक नाहीशी झाली होती. त्या जागी समुद्र स्वच्छ दिसत होता आणि मुणगीवाडीच्या पश्चिमेला एक मध्यमसा ढग.

"आहे थोडा पाऊस," केणी म्हणाले. "वारा आठ-दहाचा. काही विशेष नाही."

शेजारच्या पडद्यावर मुणगीवाडीनं ऐकलेलं येत होतं, बुधवारपासून. सुरुवातीला ते नुसतं वाळूसारखं दिसायचं. आज त्यात एक रेघ उमटली होती, ठळक, वाकडी, आणि ती दर मिनिटाला किनाऱ्याकडे सरकत होती.

केणींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वायव्येकडून," ते म्हणाले. "माझ्या नजरेला बरोबर आडवा." त्यांनी आकडा वाचला. "ताशी नव्वद. अर्ध्या तासात मुणगीवाडीवर."

अठरा होड्या बाहेर होत्या. शर्वाणीनं बर्फाच्या कारखान्यात फोन लावला. तिथंवर जमिनीखालून तार होती. हेरंबनं उचलला, आणि पुढचं वाक्य दोघांनी एकदमच ओळखलं. वारा दिसत होता, पण होड्यांना सांगायचं कसं? राउटर आता प्रामाणिक होते. त्यांना रडार ऐकू येत होतं, म्हणून ते तोंड उघडणार नव्हते.

"परत तो देश घालू?" हेरंबनं विचारलं.

"नको. तीनशे नऊ राउटर एकदम ओरडले, तर तो वाराही दिसेनासा होईल." ती केणींकडे वळली. "साहेब, रडार बंद करा."

"काय?"

"दोन मिनिटं. हेरंब सगळे राउटर नव्यानं सुरू करेल, म्हणजे त्यांचा अर्धा तास मोडेल. एक मिनिट ते ऐकतील. रडार ऐकू आलं नाही, तर नियमानंच बोलायला मोकळे. दुसऱ्या मिनिटाला निरोप."

"वादळ समोर असताना रडार बंद करू? अकरा वर्षांत मी..."

"साहेब, ते वादळ तुमच्या रडारला दिसतच नाहीये. ज्यांना दिसतंय, त्यांना आता बोलू द्या."

केणींनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या रेघेकडे. मग कुणाला न सांगता स्वतः उठले आणि कळ खाली ओढली. खोलीत कायम भरून असलेली घरघर थांबली. इतकी वर्षं ती कुणाच्या कानावरही पडत नव्हती. आता नाहीशी झाल्यावर सगळ्यांनी वर पाहिलं.

साठ सेकंद म्हणजे किती, हे शर्वाणीला त्या दिवशी कळलं. फोनच्या पलीकडे हेरंब आकडे म्हणत होता. पन्नास, पंचावन्न. मग तो ओरडला, "उघडला!"

आवाज बाबल कुबलांचा होता. हेरंबनं त्यांना आधीच बोलावून ठेवलं होतं, कारण समुद्रावर कुणाचं ऐकतात हे त्याला ठाऊक होतं. "पोरांनू, बाबल बोलतंय. वायव्येसून वारो येता, मोठो. जाळी सोडा, बंदराक लागा. इचारू नको, वळा!"

एक-एक करून होड्यांची उत्तरं येऊ लागली. ऐकला. वळतंय. ऐकला. हेरंब बोटांवर मोजत होता. सोळा झाली आणि दुसरं मिनिट संपलं. केणींनी कळ वर केली, घरघर परतली आणि मुणगीवाडी पुन्हा गप्प झाली.

वारा दोन वाजून सोळा मिनिटांनी आला. बर्फाच्या कारखान्याचे पत्रे उडाले, हेरंबचा मोठा अँटेना माडावर जाऊन अडकला, देवळापुढचा मांडव समुद्रात गेला. अठराच्या अठरा होड्या तोवर नाकाडाच्या आत आलेल्या होत्या. उत्तर न दिलेल्या दोघींपैकी एक बंद पडली होती आणि दुसरी तिला ओढून आणत होती, म्हणून त्यांना बोलायला हात मोकळा नव्हता.

संध्याकाळी केणींनी रडारची नोंद लिहिली. बंद: दोन मिनिटं चार सेकंद. कारणाच्या रकान्यात त्यांनी "माझ्या आदेशाने" एवढंच लिहिलं.

*

सुनावणी डिसेंबरात झाली. पुराव्याला हेरंबची स्वतःची यादी होती, दुसऱ्या कशाची गरज पडली नाही. शर्वाणीनं मोजमापावरची सही आपली असल्याचं सांगितलं आणि खाली बसली. परवाना कायमचा रद्द झाला. हेरंबनं आदेश घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाला, "भूक लागली." दोघं जवळच्या खाणावळीत जेवली. ती रडली, तो रडला नाही.

पण त्याच आदेशाच्या शेवटी गावाच्या राउटरनी तो वारा कसा पकडला हे सांगणारा एक परिच्छेद होता, आणि तो मानक समितीपर्यंत पोचला. आता बाजूला ठेवायला ती नुसती कल्पना राहिली नव्हती, तिच्यामागं अठरा होड्या होत्या. पुढच्या पावसाळ्याआधी मानकात नवं कलम आलं. रडारच्या नजरेसमोरच्या गावांनी दर दहा मिनिटांतली आठ मिनिटं ऐकायचं आणि ऐकलेलं रडारला सांगायचं. उरलेली दोन मिनिटं रडार गप्प राहील आणि गावानं बोलायचं. मुणगीवाडीचा परवाना रापण संघाच्या नावानं निघाला. हेरंबचं नाव त्यावर नाही. माडावरचा अँटेना उतरवून पुन्हा चढवला मात्र त्यानंच.

केणी निवृत्त झाले त्या आठवड्यात शर्वाणी त्यांना मुणगीवाडीला घेऊन आली. पुळणीवर रापण लागली होती. केणी चपला हातात घेऊन वाळूत उभे राहिले, न सांगता गप्प. जाळं आलं, गलका झाला, वाटे पडले, आणि बाबल कुबल पानात बांधलेला एक मोठा वाटा घेऊन त्यांच्यासमोर आले.

"अहो, मला कशाबद्दल?" केणी संकोचून म्हणाले. "मी काहीच केलं नाही. तेव्हाही नाही. दोन मिनिटं यंत्र बंद ठेवलं, एवढंच."

शर्वाणीला चार बांगड्यांची ती सकाळ आठवली. बाबल कुबलांनी वाटा केणींच्या हातात दिला आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली.

"घेवा, साहेब," ते म्हणाले. "रापणीत गप ऱ्हवलेल्याक पण वाटो आसता."